केसपेपर आधी, वकील नंतर

ऑपरेशन बिघडलं की पुढचा क्रम नाशिकमध्ये बहुतेक ठरलेला असतो. काउंटरवर आवाज चढतो, कुणीतरी ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतं, मग पोलीस ठाणं, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. सीबीएसजवळच्या कोर्टात वकिलासमोर बसेपर्यंत चार-सहा महिने उलटलेले असतात. वकील विचारतात, "केसपेपर आणलेत?" आणि पिशवीतून निघतं डिस्चार्ज कार्ड, दोन एक्स-रे आणि मेडिकलच्या बिलांचं भेंडोळं.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हेत. रुग्णाला घरी पाठवताना हॉस्पिटलनं लिहिलेला तो गोषवारा असतो, आणि गोषवाऱ्यात कुणी आपली चूक लिहून देत नाही. भरती झाल्यापासून सुट्टी होईपर्यंत दर काही तासांनी जे लिहिलं गेलं ते वेगळ्या फाइलमध्ये असतं. त्याला इनडोअर पेपर म्हणतात. हलगर्जीपणाचा दावा उभा राहतो तो त्या फाइलवर, आणि कोसळतो तोही तिच्यामुळेच. म्हणून इथं त्या फाइलबद्दलच जास्त लिहिलं आहे, कायदा तिच्या आजूबाजूनं येईल.

फाइल मागायची कशी

डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाबाबतचे २००२ चे नियम आजही लागू आहेत (२०२३ चे नवे नियम आले आणि काही दिवसांतच स्थगित झाले). त्यानुसार भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची असतात, आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. नियमात बिलाची अट नाही. "आधी बिल क्लिअर करा, मग फाइल देतो" या उत्तराला नियमाचा आधार नाही, हे काउंटरवर शांतपणे सांगता येतं.

अर्ज साध्या कागदावर चालतो. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहा: रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर (भरती रुग्णाचा नोंदणी क्रमांक), भरती आणि सुट्टीची तारीख. पण "सर्व कागदपत्रं मिळावीत" एवढंच लिहिलंत तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. म्हणून नावं घ्यावी लागतात: ॲडमिशन शीट, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट, औषधांचा चार्ट, लघवी-सलाइनचा हिशेब, संमतीपत्रं, भुलेआधीची तपासणी, भुलेचा चार्ट, ऑपरेशन नोट्स, आत बसवलेल्या प्लेटचे किंवा स्टेंटचे स्टिकर, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म (सीडीसुद्धा), दुसरीकडे पाठवलं असेल तर रेफरल चिठ्ठी, आणि बाबवार बिल. प्रत्येक पानावर शिक्का आणि पान नंबर मागा. नंबर नसलेल्या फाइलमध्ये नंतर पानं वाढू शकतात, कमीही होऊ शकतात.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नाकारला तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा, सोबत हॉस्पिटलच्या ईमेलवर फोटो पाठवा. ७२ तास तिथून मोजायचे. रुग्ण गेलेला असेल तर वारस अर्ज करतो, नात्याचा पुरावा जोडून. तरीही मिळाले नाहीत तर नाशिक शहरातल्या खासगी हॉस्पिटलची तक्रार महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे, म्हणजे शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात, कारण शुश्रूषागृहाची नोंदणी महापालिका करते. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचाही रस्ता आहे: दहा रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत.

सीसीटीव्हीचं फुटेज या फाइलमध्ये नसतं. त्यावर काही दिवसांतच नवं चित्रण चढतं, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी वेगळ्या पत्रानं आणि पहिल्याच दिवशी करावी. रात्री डॉक्टर वॉर्डात किती वाजता आले, हा वाद फुटेजवर मिटतो.

आणि काच फोडू नका. नीतीची गोष्ट बाजूला ठेवू, हिशेबाची सांगतो. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. वर हॉस्पिटलला सांगायला मिळतं की त्या गोंधळात फाइलची पानं गहाळ झाली.

फाइल वाचायची कशी

पानं हातात आली की सरळ पहिल्यापासून वाचत सुटू नका. आधी एका वहीत घड्याळ मांडा. डावीकडे तारीख-वेळ, मधे काय घडलं, उजवीकडे ते कुठल्या पानावर आहे. डॉक्टरांची नोंद, नर्सची नोंद, लॅबचा रिपोर्ट आणि मेडिकलचं बिल, चारही ठिकाणच्या वेळा एकाच यादीत ओता. अर्ध्या चुका तिथंच वर येतात.

मेडिकलचं बिल फार कामाचं. चार्टवर लिहिलंय की रात्री ८ वाजता अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला, आणि त्याच इंजेक्शनचं बिल हॉस्पिटलच्या मेडिकलमधून रात्री १०.४० ला छापलेलं आहे. वॉर्डात साठा असू शकतो, त्यामुळे एवढ्यानं सगळं सिद्ध होत नाही. पण प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर हॉस्पिटलला द्यावं लागतं. म्हणून ती बिलं घरी नेऊन टाकून देऊ नयेत. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, लगेच झेरॉक्स काढावी.

टीपीआर चार्टवर ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदी असतात, बहुतेक ठिकाणी बीपीही. साध्या वॉर्डात दर चार-सहा तासांनी नोंद अपेक्षित असते, रुग्ण गंभीर असेल तर दर तासाला किंवा त्याहून लवकर. दोन गोष्टी बघा. एक, मोकळी घरं. रुग्ण पहाटे ५ ला कोसळला आणि रात्री १० नंतर एकही नोंद नाही, म्हणजे सात तास कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं पण लिहिलं नाही. ग्राहक आयोगापुढे या दोन्हींत फारसा फरक पडत नाही. दुसरी गोष्ट याच्या उलट: अति व्यवस्थित चार्ट. तीन पाळ्यांच्या तीन नर्स, पण अक्षर एक, पेन एक, नाडी सलग ८४, ८४, ८४. असा चार्ट एका बैठकीत भरला असावा अशी शंका घ्यायला जागा आहे. आजूबाजूच्या नर्सिंग नोट्सशी ताडून पाहावा.

भोपाळच्या एका डेंगी रुग्णाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये १५ लाखांची भरपाई दिली. मुद्दा हाच होता: दिवसभरात रक्ताच्या तपासण्या आणि देखरेख जेवढ्या वेळा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. पावसाळा उतरताना नाशिकमध्ये डेंगीचे वॉर्ड भरतात, तेव्हा प्लेटलेटच्या आकड्यावर सगळ्या घराची नजर असते. खरा धोका अनेकदा ताप उतरल्यावर येतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वर जातं, बीपी घसरतं. फाइलमध्ये हिमॅटोक्रिट पुन्हा कधी तपासलं ते शोधा. प्लेटलेट दोनदा आणि हिमॅटोक्रिट एकदाच, असं दिसलं तर तज्ज्ञाला विचारायचा प्रश्न तुमच्या हातात आला.

आता हाडांचं एक उदाहरण अगदी जवळून पाहू. नडगीचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. रात्री रुग्ण पाय ठणकतो म्हणून ओरडतोय, दुखणं कमी करणारी इंजेक्शनं दिली जातायत, वेदना वाढतेच आहे. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत सूज वाढली, वरून प्लास्टरनं आवळलं, की कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. साधारण सहा तासांनंतर स्नायू कायमचे मरायला लागतात. उपाय माहीत असलेला आहे: प्लास्टर ताबडतोब कापून सैल करायचं, तरी उतार नाही पडला तर कप्पे शस्त्रक्रियेनं उघडायचे.

अशा फाइलमध्ये "पल्स लागते, बोटं हलतात" अशी ओळ हमखास सापडते आणि हॉस्पिटल तीच ढाल म्हणून पुढे करतं. इथं कच खाऊ नये. पायातली नाडी शेवटपर्यंत लागू शकते, ती लागते म्हणून कप्प्यात दाब नाही असं होत नाही. बघायचं ते वेगळंच: बोटं दुसऱ्यानं ताणल्यावर कळ येते का, हे तपासल्याची नोंद आहे का, वेदनाशामकाचे डोस किती तासांच्या अंतरानं वाढत गेले, नर्सनं डॉक्टरांना किती वाजता कळवलं, प्लास्टर किती वाजता कापलं. चार वेळा, चार पानं. त्या चार वेळांमध्ये सहा तासांहून जास्त अंतर पडलं असेल तर दाव्याचा गाभा तोच. बाकीची सगळी तक्रार, नर्स नीट बोलली नाही, खोलीत झुरळं होती, डॉक्टर फोनवर होते, बाजूला ठेवा.

नेमकी चूक कोणती

नातेवाइकांना हे पटायला जड जातं, पण निकाल वाईट लागला म्हणजे हलगर्जीपणा झाला असं कायदा मानत नाही. महाराष्ट्रातूनच गेलेलं एक जुनं प्रकरण यात पाया मानलं जातं. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. लाकडी पट्ट्या बांधून त्याला पुण्याला आणलं. तिथं पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढलं, प्लास्टर घातलं, आणि त्याच दिवशी तो गेला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरला जबाबदार धरणारा निर्णय कायम ठेवला. भरपाई होती ३,००० रुपये. न्यायालयानं तेव्हा डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. तुमची तक्रार या तिन्हींपैकी कशात बसते हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "माझ्या आईला मारलं" हे वाक्य खरं वाटत असलं तरी त्याचा दावा होत नाही. "पोट फुगलंय आणि नाडी १३० आहे हे सकाळी ७ ला लिहूनही दुपारी ३ पर्यंत सीटी केला नाही", याचा होतो.

दोन मान्य उपचारांपैकी डॉक्टरनं एक निवडला आणि तो फसला, तर तो हलगर्जीपणा नाही. पोटात कापसाचा बोळा राहिला, डाव्याऐवजी उजवा डोळा उघडला, ॲलर्जी लिहिलेली असताना तेच इंजेक्शन दिलं, तिथं चूक स्वतःच बोलते. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही. तरी मधल्या पट्ट्यात, आणि बहुतेक प्रकरणं मधल्याच पट्ट्यात असतात, तज्ज्ञाशिवाय पुढे जाऊ नये.

संमतीपत्र हा स्वतंत्र मुद्दा. छापील इंग्रजी फॉर्म, खाली मराठीत सही, मधे ऑपरेशनचं नाव लिहायची जागा कोरी. असे फॉर्म सर्रास दिसतात. समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये ठरलं की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. दुर्बिणीनं तपासायला संमती घेतली आणि त्याच भुलेत गर्भाशय काढलं, हे जिवाला तातडीचा धोका नसेल तर चालत नाही. फॉर्मवर वेळ आहे का, समजावणाऱ्या डॉक्टरची सही आहे का, आणि ती सही भूल दिल्यानंतरच्या वेळेची तर नाही ना, हे भुलेच्या चार्टशी ताडून बघा.

रात्री ड्युटीवर कोण होतं, हेही विचारावं. लहान नर्सिंग होममध्ये रात्रीचे आरएमओ (निवासी डॉक्टर) बऱ्याचदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे असतात. एका होमिओपॅथनं ॲलोपॅथीची औषधं दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ते कृत्यच हलगर्जीपणा मानलं. पण महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीनं सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित मुभा दिली आहे, आणि तो अभ्यासक्रम आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचाच. त्यामुळे पदवीवरून थेट निष्कर्ष काढू नका. पदवी, नोंदणी क्रमांक, कोणत्या परिषदेकडे नोंदणी, हे तिन्ही लेखी मागा.

मृत्यू झाला असेल तर

शवविच्छेदन. नको वाटतं, समजू शकतं. पण मृत्यूच्या दाखल्यावर "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ फक्त एवढाच की हृदय आणि श्वास थांबले, जे प्रत्येक मृत्यूत होतं. का थांबले, हे शवविच्छेदनाशिवाय ठामपणे सांगता येत नाही. रामकुंडावर अस्थी विसर्जित झाल्यावर हा प्रश्न कायमचा मिटतो, आणि मिटतो तो सहसा हॉस्पिटलच्या बाजूनं. शंका असेल तर मृतदेह ताब्यात घेण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. त्यात "उपचारातील हलगर्जीपणाचा संशय" हे शब्द असू देत. व्हिसेऱ्यासोबत (रासायनिक तपासणीसाठी राखलेल्या आतल्या अवयवांच्या नमुन्यांसोबत) अवयवांचे तुकडे सूक्ष्म तपासणीसाठी ठेवावेत अशी मागणीही त्याच अर्जात करा. व्हिसेऱ्यात विष कळतं, हृदयाचा झटका किंवा फुप्फुसातली गाठ कळायला ऊतींची तपासणी लागते.

कुठे जायचं

चार दारं आहेत आणि प्रत्येक दारामागे वेगळी वस्तू मिळते. पोलिसांकडे शिक्षा, मेडिकल कौन्सिलकडे परवान्यावर कारवाई, महापालिकेकडे नोंदणीबाबतची कारवाई, आणि पैसे फक्त ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात.

पोलिसांबद्दल थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं. निष्काळजीपणानं मृत्यूला एरवी ५ वर्षांपर्यंत शिक्षा, नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रियेदरम्यान घडला तर २ वर्षांपर्यंत. जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) फौजदारी कारवाईला ढळढळीत स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो, आणि आधी शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं लागतं. म्हणून पोलीस सिव्हिल हॉस्पिटलकडे मत मागतात आणि प्रकरण तिथं महिनोन्‌महिने पडून राहतं. मत विरुद्ध आलं म्हणून दिवाणी किंवा ग्राहक दावा संपत नाही, दोन्हीकडे पुराव्याची पातळी वेगळी आहे. मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचंही तसंच. डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काही काळ काढता येतं, रुपया देता येत नाही.

या दोन्हींची वाट बघत बसणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची आहे आणि पोलीस तपासामुळे ती थांबत नाही. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होतो, पण ते आयोगाच्या मर्जीवर. आत राहिलेली वस्तू उशिरा सापडली तर मुदत सापडल्यापासून मोजता येते, असा युक्तिवाद असतो. त्यालाही काठ आहे. गोव्याच्या एका परिचारिकेच्या पोटात १९९३ च्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमधला गॉज २००२ मध्ये सापडला, तरी दावा मुदतबाह्य ठरला. मधली नऊ वर्षं दुखत असताना तिनं त्या सर्जनला विचारलंच नाही, हे तिच्याविरुद्ध गेलं. दुखतंय तर परत जा आणि गेल्याची नोंद कागदावर राहू द्या.

डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ मध्येच ठरलं आहे. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ते रुग्णालय त्यातून सुटतं. खासगी हॉस्पिटल एरवी पैसे घेतं आणि एखाद्याला फुकट किंवा सरकारी योजनेतून करतं, तिथं तो रुग्णही ग्राहकच. सिव्हिलसारख्या ठिकाणच्या चुकीसाठी दिवाणी दावा, त्याआधी शासनाला दोन महिन्यांची नोटीस. मृत्यू असेल तर तिथंही मुदत २ वर्षं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं नाशिककरांची एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ऑपरेशन मुंबईत झालं तरी प्रकरण नाशिकला चालवता येतं, आणि मुंबईच्या हॉस्पिटलचा वकील इथं येतो. अधिकारक्षेत्र हॉस्पिटलला दिलेल्या रकमेवर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मागणी कोटीची असली तरी बिल तीन लाखांचं असेल तर तक्रार जिल्ह्यातच. शुल्कही त्याच रकमेवर: ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० पर्यंत ४००, ५० पर्यंत १,०००. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही, पण या प्रकारात विनावकील जाण्याचा सल्ला देणार नाही.

तक्रारीत डॉक्टर, हॉस्पिटल आणि शक्य असेल तर त्यांची विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले करा. भूल वादात असेल तर भूलतज्ज्ञालाही. नोटीस कायद्यानं बंधनकारक नाही, तरी १५ दिवसांची नोटीस पाठवावी. घाईत दिलेल्या उत्तरात हॉस्पिटल असं काही लिहून बसतं जे फाइलमध्ये नसतं, आणि पुढे तेच कामी येतं. तक्रार स्वीकारली गेली की सामनेवाल्यांना उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे सर्वोच्च न्यायालयानंही सूट दिलेली नाही. ती तारीख डायरीत लिहून ठेवा, उत्तर उशिरा आलं तर लगेच हरकत घ्या. कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात वर्षं धरून चाला.

तज्ज्ञ शोधणं हा यातला खरा चढ. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहीत नाही. रोज एकमेकांकडे रुग्ण पाठवायचे असतात त्यांना. दुसऱ्या शहरातला, त्याच शाखेचा, शक्यतो निवृत्त प्राध्यापक गाठावा. त्याला "हलगर्जीपणा आहे का?" असं विचारू नये. फाइलची पूर्ण प्रत आणि ते वहीतलं घड्याळ द्यावं, आणि तीन प्रश्न विचारावेत: या वेळी, या लक्षणांवर रूढ पद्धत काय, इथं त्यापेक्षा वेगळं काय झालं, तसं झालं नसतं तर परिणाम टळला असता का. तिसऱ्या प्रश्नावर निम्मी प्रकरणं अडखळतात. चूक सिद्ध होते, पण तिच्यामुळेच नुकसान झालं हे सिद्ध होत नाही.

रक्कम, आणि अपघाताचं प्रकरण सोबत असेल तर

नाशिक-पुणे रोडवर दुचाकीला धडक, पाय मोडला, आणि मग ऑपरेशनही बिघडलं. असे रुग्ण बरेच. इथं दोन दावे आहेत: धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीवर मोटार अपघात न्यायाधिकरणात, आणि हॉस्पिटलवर आयोगात. एकच बिल दोन्हीकडे वसूल होत नाही, म्हणून कोणता खर्च कुठे लावला याचा तक्ता आधीच करा. अपघाताच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. गाडी पळून गेली असेल तरी हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात.

न्यायाधिकरणाचा हिशेब ठरलेला आहे. समजा निफाडकडचा ३२ वर्षांचा द्राक्षबागेत छाटणी करणारा माणूस, महिना कमाई १५,००० रुपये. वर्षाचे १,८०,०००. स्वयंरोजगार आणि चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,०००. या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं: ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. कमावण्याची ताकद ३० टक्क्यांनी गेली असेल तर १२,०९,६००. उपचारखर्च, बुडालेली मजुरी, यातना यांची रक्कम वेगळी.

खरी लढाई त्या ३० टक्क्यांवर होते. सिव्हिलच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व समजा ४५ टक्के असेल. ते पायाचं, संपूर्ण शरीराचं त्याहून कमी, आणि कमाईचं यापैकी कुठलंच नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात (२०१०) उदाहरण दिलं आहे: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच नाही. म्हणून छाटणीवाल्याच्या बाबतीत साक्षीला आलेल्या डॉक्टरला विचारायचं: घोटा किती अंश वाकतो, उकिडवं बसता येतं का, नांगरलेल्या जमिनीत दिवसभर उभं राहता येईल का. आणि कमाईचा पुरावा म्हणून ज्यांच्या बागेत काम केलं त्या दोघा-तिघा बागायतदारांचे जबाब. "अंदाजे" या शब्दावर विमा कंपनीचा वकील जगतो.

ग्राहक आयोगात असं पक्कं सूत्र लागू होत नाही, पण हाच हिशेब पाया म्हणून जोडावा. शुल्क वाढत नाही म्हणून मागणी एक कोटी लिहिली, असं करू नका. पाठीमागे गणित नसलेला आकडा वाचला की तक्रारीच्या उरलेल्या पानांवरचाही विश्वास उडतो.

तडजोडीचा प्रस्ताव बहुधा पहिल्या आठवड्यातच येतो: बिल माफ करतो, या कागदावर सही करा. कागदावर "आमची कोणतीही तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही" असं असतं, आणि सही रात्री अकरा वाजता, ॲम्ब्युलन्स दारात उभी असताना मागितली जाते. बिल माफ करत असतील तर करू द्या. सहीची वेळ आलीच तर आपल्या हातानं लिहा: "फक्त बिलाची रक्कम माफ झाल्याबद्दल. उपचाराबाबत हक्क राखून." खाली तारीख आणि वेळ, आणि त्या कागदाचा तिथंच मोबाइलमध्ये फोटो.